तिसऱ्यांदा ‘नको’

चैत्र लागला की आमच्या भागात यात्रांचं पेव फुटतं. आज या गावची, उद्या त्या वाडीची, परवा मामाच्या गावची. उन्हानं डोकं तापलेलं, शेतात पाचट पेटवल्याचा धूर, गुऱ्हाळावर उकळणाऱ्या काकवीचा वास, आणि या सगळ्यावर कुठूनतरी कडाडत येणारी हलगी. हलगी वाजली की समजायचं, कुस्त्या लागल्या. लहानपणी त्या आवाजानं माझे पाय आपोआप तिकडं वळायचे. आता ते मागं वळतात. यंदा मी शिरूरहून माहेरी, राहूच्या पुढच्या आमच्या वस्तीवर आले होते. ओट्यावर बसून लसूण सोलत होते आणि हलगी सुरू झाली. आई आतून म्हणाली, दार लोटून घे. आत जाऊन दार लोटलं, तरी ऐकू यायचं ते येतच राहिलं.

यंदा दादाही आला होता. माझा हा थोरला भाऊ न्यूझीलंडला एका मोठ्या गोठ्यावर असतो, गायींचं दूध काढणारी यंत्रं सांभाळतो. आमच्या पणजोबांनी मेंढरं विकून राहूला जमीन घेतली, आजोबांनी ऊस लावला, वडील कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला गेले, आणि दादा पुन्हा जनावरांकडं गेला, तेही अशा देशात, जिथं माणसांपेक्षा मेंढरं जास्त. फिरून फिरून भोपळे चौकात, असं आप्पा म्हणायचे. आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना त्या देशाचं भारी कौतुक होतं. ते गेल्यानंतर दादा आत्ता पहिल्यांदाच आला. मधल्या काळात तिकडं मूल झालं, घर झालं, नोकरी बदलली. दरवर्षी तो फोनवर ‘यंदा येतो’ म्हणायचा, आई म्हणायची, ‘नको, घाई करू नको,’ आणि तो यायचा नाही.

आप्पा तरुणपणी पैलवान होते आणि पुढं पंच. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं, आणि नेमका तेव्हाच तो रोग आला. पहिल्या वर्षी आमच्या गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या, आठवतं? पुण्याहून आलेल्या सख्ख्या लेकालाही शाळेत झोपवत होते लोक. आप्पा घरात बसून टीव्हीवर जगभरच्या बातम्या बघायचे आणि देशांच्या कुस्त्या लावायचे. मी शिरूरला शाळेत भूगोल शिकवते, तेव्हा तो मोबाईलवरून शिकवत होते. मधूनच आप्पांचा फोन यायचा, सुमे, हा बेल्जियम कुठं आला? मी सांगितलं की म्हणायचे, अंगानं लहान हाय, पण सोसतोय लई.

दुसरी लाट बाहेरच्या देशांत आधी आली, तेव्हा तर त्यांच्या पंचगिरीला ऊत आला. अमेरिका अंगानं दांडगी, पण दम नाही. इंग्लंड नुसती खडाखडी करतोय, उघडतोय काय, झाकतोय काय, पुन्हा उघडतोय काय. इटली पहिल्याच झटक्याला पाठीवर गेली, पण उठून उभी राहिली, तिला मान द्यायला हवा. आणि न्यूझीलंड? त्याचं नाव निघालं की आप्पा ताठ बसायचे. त्या देशानं दार लावलं ते लावलंच. कुणी मंत्री असो की संत्री, बाहेरच्याला मज्जाव. पणजोबांच्या वेळी मेंढरांभोवती रात्री जाळं लावायचे, त्याला आप्पा कुंपणच म्हणायचे. कुंपण म्हंजी कुंपण, त्यात थोडंसं उघडं असं काही नसतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि आपला देश? आपण पहिली कुस्ती मारली, फेटा बांधून घेतला, आन् आखाड्यातच निजलो, असं ते म्हणाले होते. हे त्यांनी फेब्रुवारीच्या उन्हात हसत हसत म्हटलं होतं. मीही हसले होते.

आमच्याकडची एक रीत इथं सांगायला हवी. पाहुण्याला चहा विचारला की तो ‘नको’ म्हणतो. हा नकार नसतो. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा ‘नको’, आत्ताच घेऊन आलो. हे आढेवेढे. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा’. चहा, जेवण, साडी, टॉवेल-टोपी, लग्नातला मान, सगळ्याला हाच हिशेब. तिसऱ्यांदा ‘नको’ म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं, आणि पहिल्या ‘नको’ला गप्प बसणं त्याहून वाईट. असं करणाऱ्या घराचं नाव पंचक्रोशीत निघतं, एक कप चहा पाजायला जिवावर येतं म्हणून.

पुढं मला वाटायला लागलं, देशादेशांतला फरक एवढाच होता की काय? औषधं, दवाखाने, पैसा, हे सगळं असेलच. पण कुणाच्या ‘नाही’ला किती किंमत, हा खरा भेद. न्यूझीलंडचं ‘नाही’ ते नाही. इंग्लंडचं ‘नाही’ सणापुरतं ‘हो’ व्हायचं. आणि आपलं ‘नाही’ म्हणजे पाहुण्याचं ‘नको’. हुकूम निघायचा, आणि तो ऐकताना सगळ्यांना ठाऊक असायचं, की तिसऱ्यांदा विचारलं तर ‘बरं, अर्धं’ मिळणार.

त्या चैत्रात यात्रांना बंदी होती. शेजारच्या वाडीनं साधेपणानं करायचं ठरवलं, फक्त मानकऱ्यांनी पालखी न्यायची. आता मानकरी म्हणजे त्याचं घर आलं, घर म्हणजे पाहुणे आले. आखाडा नको म्हणून ठरलं, पण पोरांची हौस, म्हणून कुणाच्या तरी नांगरटीत चार कुस्त्या लावायच्या. आणि पंच कोण? आप्पांना बोलवायला त्यांच्या तालमीतले दोन जुने सोबती आले. आप्पा म्हणाले, नको रे, दिवस बरे नाहीत. ते म्हणाले, तुमच्याशिवाय शोभा नाही. आप्पा म्हणाले, नको, खरंच नको. आईही दारातून म्हणाली, नेऊ नका त्यांना. तिसऱ्यांदा त्यांनी फेटाच पुढं केला. जगातल्या देशांना दार कसं लावावं ते शिकवणारा माझा बाप, फेटा बांधून, मास्क हनुवटीला अडकवून, वाडीच्या नांगरटीत जाऊन बसला. मला त्या सोबत्यांचा फार राग यायचा. त्यातला एक आप्पांच्याही आधी गेला, मग राग कुणावर धरायचा तेही कळेना.

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडं गुऱ्हाळ आहे. गुळाचा वास आमच्या घरात माणसासारखा राहतो. कपड्यांना असतो, पांघरुणाला असतो, भाकरीलासुद्धा असतो. एका सकाळी आई म्हणाली, आज गुऱ्हाळ बंद ठेवलंय वाटतं, वास नाही. आप्पा म्हणाले, वाटतंय खरं. आणि दोघं बोलत बोलत ओट्यावर आले, तर समोर चुलवाणातून धूर निघतोय, कढईत रस उकळतोय, माणसं घामानं निथळतायत. आईनं मला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. ती गंमत म्हणून सांगत होती. मी हातातलं काम टाकून खाली बसले.

आई घरीच राहिली, मागच्या खोलीत. आप्पांचा श्वास मात्र दुसऱ्याच दिवसापासून उथळ व्हायला लागला. दौंड, केडगाव, चौफुला, जिथं जिथं खाट मिळेल असं कुणी म्हणालं तिथं तिथं माझा नवरा गाडी घेऊन गेला. आप्पा मागच्या सीटवर बसून खिडकीला डोकं टेकवून होते. कुठं दारातूनच हात हलवायचे, कुठं माणसंच दारात झोपलेली. शेवटी शिरूरला, माझ्याच सासरच्या गावात, एका मंगल कार्यालयात केलेल्या दवाखान्यात जागा मिळाली. लग्नं बंद होती, म्हणून हॉलमध्ये खाटा टाकलेल्या. भिंतीवरची ‘शुभविवाह’ ही थर्माकोलची अक्षरं कुणी काढली नव्हती. आप्पांची खाट स्टेजच्या कडेला, खिडकीजवळ मिळाली. नवरा-नवरीच्या खुर्च्या एका कोपऱ्यात चादर घालून ठेवल्या होत्या.

आत सोडत नव्हते. पण कार्यालयाच्या खिडक्या मोठ्या, मागच्या अंगणात उघडणाऱ्या. जिथं एरवी जेवणाच्या पंगती उठतात, तिथं आम्ही नातेवाईक उभे राहायचो, जाळीतून बोलायचो. ऑक्सिजनचा टेम्पो आला की त्याच्या आवाजानं सगळ्या खाटांवरची डोकी एकदम वळायची. टेम्पो आला नाही की आम्ही बाहेर एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो. एका बाईच्या नवऱ्याची खाट रिकामी झाली आणि ती बाई डबा हातात धरून दुपारभर तिथंच उभी होती. डबा ठेवावा कुठं, हे तिला सुचत नव्हतं. मी तिच्या जवळ गेले नाही. जवळ जायचंच नव्हतं कुणी कुणाच्या.

त्या अंगणात उभं राहून मी देवाला, डॉक्टरला, टेम्पोवाल्याला, कुणाकुणाला म्हणून विनवलं नाही! आणि मोबाईलवर मात्र देश चालू होते. कुठं लस घेतलेले लोक समुद्रावर पोहतायत. कुठं शाळा भरल्यात. दादाच्या देशात लोक मैदानात गर्दी करून खेळ बघतायत, मास्क नाही, काही नाही. एकाच आभाळाखाली हे कसं असू शकतं, या विचारानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

दादाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी खिडकीत होते. वॉर्डातल्या मावशींनी फोन आप्पांच्या समोर धरला. दादाच्या मागं हिरवंगार रान होतं. इतकं हिरवं, की आमच्या चैत्राच्या डोळ्यांना ते खरं वाटेना. दादा म्हणाला, इथून आपल्याकडची विमानं बंद केलीत. वळसा घालून यायचं बघतो. पण एकदा बाहेर पडलो तर परत कधी आत घेतील ते सांगत नाहीत. वहिनीला तेव्हा दिवस गेलेले होते. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. ‘तरी येतो मी आप्पा,’ तो म्हणाला.

आप्पांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

‘नको येऊ,’ ते म्हणाले. ‘सून अवघडलेली हाय. आन् कुंपण म्हंजी कुंपण.’

दादाच्या तिकडच्या रानात कुठंतरी मेंढरं ओरडत होती. मग तो म्हणाला, ‘बरं आप्पा.’

फोन बंद झाला. मावशी दुसऱ्या खाटेकडं गेल्या. आप्पा जाळीकडं तोंड वळवून मला म्हणाले, ‘लगीच ऐकलं गं त्यानं.’

मी म्हटलं, आप्पा, त्याला खरंच येता येत नाही, तिकडं सगळं बंद आहे.

‘ठावं हाय मला,’ ते म्हणाले. ‘तरी आजून दोनदा म्हणायचं असतंय.’

यात दादाचा काय दोष? तो ज्या देशात राहत होता तिथं नाही म्हणजे नाही असतं, आणि त्याच नाहीनं तिथली माणसं जगली होती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून काय करू, सांगा. एका देशाचा नकार इतका पक्का, की लेक आत अडकला. दुसऱ्या देशाचा इतका कच्चा, की बाप आखाड्यात जाऊन बसला. या दोघांच्या मधे त्या खिडकीची जाळी होती आणि ती धरून मी उभी होते.

त्यानंतर आप्पा रोज विचारायला लागले, निघाला का? तापात बोलतायत असं वाटायचं. मी खरं तेच सांगायची, नाही आप्पा, विमानं बंद आहेत. ते मान हलवायचे. पुन्हा थोड्या वेळानं, निघाला का? मग एके दिवशी त्यांनी विचारायचं थांबवलं. उलट त्या दिवशी चेहरा उजळल्यासारखा दिसत होता. मावशींकडून त्यांनी दाढी करून घेतली होती. मला म्हणाले, घरनं माझी धुतलेली टोपी आण. मला काय आनंद झाला! उतार पडला, आता हे उठणार, असं मी अंगणातल्या सगळ्यांना सांगत सुटले. घरी येऊन टोपी कडक इस्त्री केली. ती त्यांनी एकच दिवस घातली.

घोडनदीच्या काठावर, शिरूरच्या स्मशानात, चौघा अनोळखी माणसांनी त्यांना अग्नी दिला. आम्ही लांब उभे. आई राहूला मागच्या खोलीत. दादा फोनमध्ये, आणि त्या फोनची रेंज सारखी जात होती.

ते गेल्यावर देशांच्या कुस्त्या लावायची सवय मला लागली. वारसाच म्हणा. पण आप्पा पंच होते, त्यांची नजर निष्पक्ष होती. मी मात्र एका देशाच्या पाठीवर टपून बसले होते. नवी लाट आली की आधी न्यूझीलंडची बातमी बघायची. अजून दार लावलेलंच? अजून कुणी मेलं नाही? मला वाटायचं, पडावा एकदा. माती लागावी त्याच्या पाठीला. माझा सख्खा भाऊ, त्याची बायको, नुकतं जन्मलेलं पोर तिथं आहे, आणि मी हे असं चिंतायची. सकाळी देवापुढं दिवा लावून त्यांच्यासाठी हात जोडायचे, आणि दुपारी हे.

आमच्याकडं तिसरी लाट आली ती सर्दी-पडशासारखी आली, गेली. लोक खोकत खोकत लग्नात जेवले. न्यूझीलंडनं सगळ्यांना लस टोचून झाल्यावर सावकाश दार किलकिलं केलं, मग उघडलं. दादालाही तो रोग झाला. मी घाबरून फोन केला, तर तो गरम सूप पीत होता. दोन दिवस अंग दुखलं, म्हणाला, काहीच नाही गं. फोन ठेवून मी जी रडले, तशी आप्पांच्या वेळीही रडले नव्हते. काहीच नाही! मग आमच्याकडं काय होतं ते? पुढं चीनचं बघितलं. त्यानं दारं इतकी आवळली की आतली माणसं गुदमरली, आणि उघडली ती एकदम धाडकन, तेव्हा तिथंही खाटा कमी पडल्या म्हणे. तिथल्याही कुणा लेकी अशाच खिडकीशी उभ्या असतील, या विचारानं मात्र माझं टपून बसणं थांबलं. कोण जिंकलं, कोण हरलं, मला सांगता येत नाही. सगळ्यांनीच दारं लावली आणि सगळ्यांनीच कधी ना कधी उघडली. आमच्या घराला हवी होती तेव्हा उघडी नव्हती, एवढंच.

तर दादा यंदा आला. आल्या दिवशी शेतातल्या आंब्यापाशी जाऊन आला. आप्पांची राख आम्ही तिथं मातीत मिसळली होती. बोलता बोलता तो मला म्हणाला, आप्पांनी स्वतःच्या तोंडानं नको म्हटलं होतं, तेवढा एक आधार आहे बघ मला. कुणाचा आधार काढून घ्यायला जीभ रेटत नाही.

जायचा दिवस उजाडला. विमान रात्री मुंबईहून होतं, गाडी दुपारी दारात येऊन लागली. ड्रायव्हरनं बॅगा चढवल्या. दादा आईच्या पाया पडला आणि घुटमळत म्हणाला, तिकीट पुढं ढकलू का? राहू का अजून थोडे दिवस?

आई म्हणाली, ‘नको. तुझी कामं हायती.’

‘बरं,’ म्हणून तो वळला. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, दादा, पुन्हा विचार. तो माझ्याकडं बघतच राहिला. त्यानं पुन्हा विचारलं. आई पुन्हा नको म्हणाली. मी दंड सोडला नाही. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

आईनं पदरानं ओठ पुसले. ‘थांबलास तर तिकडं परत आत घेतील का तुला?’

‘घेतील गं. आता सगळीकडं उघडंच आहे.’

‘मग ऱ्हाऊ नको, जा. पन जाताना शिरूरवरनं जा,’ आई म्हणाली. ‘ते तिथं तुझी वाट बघत व्हते. मला फोन केला व्हता त्यांनी. निघाला का म्हणून इचारत व्हते. सुमी न्हाई म्हणती, तू खरं सांग म्हणाले. मी व्हय म्हणाले. निघालाय, पोचंल म्हणाले.’

मला ती दाढी आठवली, ती टोपी आठवली. मी ओट्याच्या कडेवर बसले. दादा उभाच होता. समोर गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चालला होता.

‘तेवढं एक खोटं हाय माझ्या जिवाला,’ आई म्हणाली. ‘नदीवर जाऊन उभा ऱ्हा जरा. म्हंजी झालं.’

आम्ही पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला निघालो. ड्रायव्हर कुरकुरत होता, पुढं कोरेगाव भीमाला गर्दी लागली तर विमान चुकेल म्हणून. घोडनदीला पाणी फारसं नव्हतंच, खडकांत डबकी आणि कडेला जलपर्णी. मी दादाला जागा दाखवली आणि मागं थांबले. त्यानं बूट काढले, काठाशी गेला, काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मग तो तिथंच उभा राहिला, आतून कुणीतरी ‘ये’ म्हणेल म्हणून दारात थांबलेल्या पाहुण्यासारखा.